ओळखीच्या पत्त्यावरून कुणी मरत नाही

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे आणि ही हकीकत मी शांतपणे सांगणार नाही. शांतपणाचं खातं आमच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे आहे. जे घडलं तेही त्यांच्याच बाबतीत. त्यांना विचाराल तर एका दमात आटपतील, "एक खोटी मेल आली, मी उघडली, ऑफिसातले कॉम्प्युटर बंद पडले." संपलं! जसं काही दूध उतू गेलं आणि ओटा पुसून घेतला.

मी त्यांना ताई म्हणते. आम्ही एकाच घरात राहतो, त्या खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या. नोकरीही एकाच वर्तमानपत्रात करतो. लोकांना वाटतं, दोन जावा दिवसरात्र एकमेकींच्या डोळ्यांसमोर म्हणजे रोज भांडणं असतील. असतात ना! कपडे वाळत घालायच्या दोरीवरून असतात, पाण्याच्या टाकीवरून असतात, जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला यावरून असतात. पण घराबाहेर कुणी ताईंना वाकडं बोललं तर मी त्याची खैर ठेवत नाही.

मी तिथे प्रूफं वाचते. ताईंचं टेबल माझ्या टेबलाला लागून, खिडकीच्या बाजूला. त्यांच्याकडे निधनवार्ता असतात. शहरात कुणी गेलं की घरचे लोक फोटो आणि मजकूर पाठवतात. तो नीटनेटका करून दुसऱ्या दिवशीच्या अंकात लावायचा. अंत्यविधी कधी, कुठे, मागे कोण कोण. नव्या माणसाला या टेबलावर बसवलं की तो थोड्याच दिवसांत बदली मागतो. ताई तिथे अर्धी नोकरी काढून बसल्या आहेत.

पूर्वी लोक काउंटरवर यायचे. पाकिटात फोटो, कागदावर चार ओळी, आणि त्या चार ओळी वाचून दाखवतानाच पुष्कळांना रडू फुटायचं. ताई आधी खुर्ची द्यायच्या, मग पाणी, मग पेन. पुढे मेल आली आणि माणसं यायची बंद झाली, पण ताईंची पद्धत तीच राहिली. मेल आली की आधी फोटो उघडायचा. "चेहरा बघितल्याशिवाय मला लिहिताच येत नाही गं," म्हणतात. मग दिलेल्या नंबरावर फोन. "फोटो बरोबर आहे ना? आणि घरात त्यांना काय म्हणायचे?" या दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचं माणूस बोलतच सुटतं. म्हणून आमच्या अंकात 'सेवानिवृत्त लेखापाल' याच्या खाली 'गल्लीतल्या सगळ्या मुलांचे सायकलकाका' असंही छापून येतं.

फोन करायचा नियम ताईंच्या आधीपासूनचा. त्या यायच्या आधी एकदा फोटोंची अदलाबदल झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी एक धडधाकट गृहस्थ अंक घेऊन काउंटरवर हजर. म्हणाले, "मी गेल्याचं आत्ताच वाचलं. म्हटलं, जरा चौकशी करून यावी." तेव्हापासून निधनवार्तेतला प्रत्येक फोटो घरच्यांना विचारूनच छापतात.

आता या गोष्टीतली उरलेली दोन माणसं. एक आमचे व्यवस्थापक. यांना आम्ही पाठीमागे सुप्रभात साहेब म्हणतो, कारण रोज सकाळी ते साऱ्या ऑफिसला फुलांचं चित्र मेल करतात. कधी गुलाब, कधी कमळ, कधी नाचणारा सूर्य. आणि उघडून बघितलं नाही तर दुपारी विचारतात, "आजचा सुविचार आवडला का?" दुसरा आमचा कॉम्प्युटरवाला. याचं नाव कुलूप. जागेवरून कुणीही उठलं की मागून आवाज यायचा, "स्क्रीनला कुलूप लावा!" माणूस कामाचा, पण वरिष्ठांपुढे शेपूट घालणारा.

एकदा या कुलूपने सगळ्यांना सभागृहात बसवून मेलमधून येणाऱ्या व्हायरसची माहिती दिली. पडद्यावर एकेक धोक्याची खूण दाखवली. पाठवणारा अनोळखी. मजकूर घाईघाईत, चुकांनी भरलेला. खाली धड नाव नाही. 'आजच करा, फार तातडीचं आहे' अशी गळ घातलेली. आणि सोबत एक फाइल, ती उघडाच असा आग्रह. "यातलं काही दिसलं की हात लावायचा नाही," तो म्हणाला. "सरळ डिलीट."

ताईंनी हात वर केला. एरवी त्या सभेत कधी बोलत नाहीत.

"अहो, पण माझ्याकडे येणारी प्रत्येक मेल अशीच असते."

सगळे हसले.

"खरंच सांगते. ज्याची आई सकाळी गेली तो माणूस नीट कसा लिहील? त्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नसतो. कुणी भाच्याच्या ऑफिसातून पाठवतं, कुणी शेजाऱ्याच्या फोनवरून. आजच छापा म्हणतात, कारण उद्या न्यायचं असतं. माझ्याकडे ओळखीच्या पत्त्यावरून कुणी मरत नाही हो."

हशा आणखी वाढला. सुप्रभात साहेब तर डोळे पुसायला लागले. मला तेव्हाच राग आला होता. अरे, ती बाई विनोद करत नव्हती! आमच्याच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज चौकट असते, 'निधनवार्ता मेलने पाठवा, मजकूर व फोटोची फाइल सोबत जोडा.' आणि त्याच ऑफिसच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर, 'अनोळखी फाइल उघडू नका.' मग ताईंनी करायचं काय? फाइल कानाला लावून आत कोण आहे ते ऐकायचं?

कुलूप मात्र हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ताईंच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "वहिनी, तुमचं म्हणणं बरोबर आहे." ऑफिसात ताईंना सगळे वहिनी म्हणतात. त्याने अडगळीतून एक जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, ताईंच्या डाव्या हाताला मांडला. त्याला इंटरनेट वेगळं. ऑफिसच्या बाकीच्या कॉम्प्युटरांशी त्याचा काडीचा संबंध नाही. आलेली फाइल तिथे उघडायची, मजकूर बघून आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर ताईंनी स्वतः टाइप करायचा, आणि फोटो कुलूपने तपासून पलीकडे द्यायचे. आत व्हायरस असलाच तर तो एकटा जुना डबा बिघडणार, बाकी ऑफिस सुखरूप. ताईंनी त्याचं नाव ठेवलं ओसरी. कोण कुठला परका माणूस आला तर त्याला ओसरीवर बसवायचं, थेट स्वयंपाकघरात घ्यायचं नाही. काम थोडं वाढलं, पण ताईंची कुरकुर नव्हती.

आणि मग सुप्रभात साहेबांना हुक्की आली. दर्शनी दालनात मोठा पडदा लावायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर आपले गाजलेले अंक दिसले पाहिजेत, पाहुण्यांसोबत साहेबांचे फोटो दिसले पाहिजेत. पडदा आला, पण तो चालवायला कॉम्प्युटर हवा. साहेब फिरत फिरत ताईंच्या टेबलाशी आले.

"या बाईंना दोन कॉम्प्युटर कशाला?"

कुलूपने सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "नवीन देऊ की लवकरच," आणि ओसरी उचलून नेली. कुलूप तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि गप्प बसला. वर ताईंना म्हणतो कसा, "तात्पुरतं तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडा. पण जपून."

जपून! जपून म्हणजे कसं हो? एका डोळ्याने? बोटाच्या टोकाने? ज्या माणसाला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं, त्याने 'जपून' म्हणून हात झटकले. 'लवकरच' येणारा कॉम्प्युटर आला नाही तो नाहीच. आमच्या दर्शनी दालनात मात्र साहेब दिवसभर कुणा ना कुणाशी हस्तांदोलन करत होते.

ती खोटी मेल आली भर दुपारी. मी शेजारीच होते, म्हणून सांगते. मेलमध्ये तीन-चार तुटक ओळी होत्या. आई गेली, उद्या सकाळी अंत्यविधी, कृपा करून आजच घ्या, मजकूर सोबत आहे. खाली फोन नंबर. वेगळा फोटो जोडलेला नव्हता, म्हणून ताईंनी आधी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "घरात गोंधळ असेल," म्हणाल्या. "फाइलमध्ये दुसरा एखादा नंबर दिलेला असेल, बघते." म्हणजे बघा, खात्री करून घ्यायलाच त्यांनी ती फाइल उघडली. वर पिवळी पट्टी आली, मजकूर दिसत नसेल तर हे बटण दाबा. अशा पट्ट्या त्यांना रोज दिसतात, कारण लोक कुठल्या कुठल्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइल बनवतात. त्यांनी बटण दाबलं. पान कोरं.

ताई कोऱ्या पानाकडे बघत म्हणाल्या, "अगं, घाईत रिकामीच पाठवली वाटतं. बिचारा." त्या व्हायरस पाठवणाऱ्याला बिचारा म्हणाल्या त्या! आणि पुन्हा तोच नंबर लावत बसल्या.

चहा येईपर्यंत अंकाची पानं लावणाऱ्या मुली ओरडायला लागल्या. फाइल उघडत नाहीत, नावंच बदलली आहेत, फोटो गायब. मग एकेका पडद्यावर खंडणीची चिठ्ठी उमटली, की तुमचं सगळं आम्ही बंद केलंय, सोडवायचं असेल तर पैसे टाका. कुलूप तारा उपटत धावत सुटला. त्याचं एक काम मात्र मानलं पाहिजे. त्याने सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली होती, कशालाही न जोडता. त्यामुळे खंडणी द्यावी लागली नाही आणि वर्तमानपत्र बुडालं नाही. दुसऱ्या दिवशीचा अंक निम्म्या पानांचा निघाला, आणि गाडं रुळावर यायला काही दिवस लागले.

पण खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं होतं ना!

चौकशीला ताईंना सोबत एक सहकारी आणायची मुभा होती. मी गेले. साहेब टेबलाच्या टोकाला, कुलूप भिंतीला टेकून. साहेबांनी ते भिंतीवरचं पोस्टर काढून समोर पसरलं होतं, जसं काही खुनाचं हत्यार सापडलंय.

"वहिनी, हे पोस्टर तुम्ही वाचलं होतं?"

"रोज वाचते. माझ्यासमोरच आहे."

"पाठवणारा अनोळखी होता?"

"होता."

"घाई होती? चुका होत्या? तरी उघडलंत?"

"हो, उघडलं."

"मग हा निष्काळजीपणा नाही तर काय?"

ताई म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी तशाच आणखी मेल आल्या होत्या. त्या खऱ्या निघाल्या. मला त्यातली खोटी वेगळी ओळखता आली नाही. आजही येणार नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आणि ओसरी कुठे गेली ते विचारा की! ती असती तर एक जुना डबा गेला असता. ती कुणी नेली?" साहेब म्हणाले, "तुम्ही साक्षीदार आहात, वकील नाही." मी कुलूपकडे बघितलं. तो मूग गिळून जमिनीकडे बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे माणसा, एक वाक्य बोल! तूच मांडलीस ना ती ओसरी?

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा, प्रकरण मला वाढवायचं नाही. निष्काळजीपणा माझ्याकडून झाला, एवढं लिहून द्या आणि यापुढे अनोळखी फाइल कधीही उघडणार नाही असं वचन द्या. पुन्हा तुमच्या टेबलावर बसा. नाहीतर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल."

मी टेबलाखालून ताईंचा हात दाबला. मला वाटलं, लिहून देतील. निवृत्ती तोंडावर आलेली, भाऊजींची कंबर धरलेली, म्हणून त्यांचं बस चालवणं सुटलेलं, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर. शिवाय बाई इतकी मवाळ की भाजीवाल्याने कुजकी भाजी दिली तरी परत करायला मला पाठवणार.

त्या म्हणाल्या, "मेल मी उघडली, हे लिहून देते. निष्काळजीपणा केला हे लिहिणार नाही. आणि वचन देऊन त्या खुर्चीत कशी बसू? मग मी तिथे बसून करू काय?"

त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. निर्णय होईपर्यंत यायचं नाही. इतक्या वर्षांची बाई, आणि दरवाजावर तिचं ओळखपत्र काढून घेतलं! एखाद्या चोराचं घ्यावं तसं.

घरी तर वेगळाच ताप. मी तावातावाने भाऊजींना सांगतेय, वकील गाठू, मालकांना भेटू, आणि ताईंचं आपलं एकच. "माझा फोन कोण उचलत असेल गं?" रोज संध्याकाळी मी जिन्यात पाऊल टाकलं की दार उघडून उभ्या. "आज किती आले? फोटो बघून लावतात ना? फोन करतात ना घरी?"

"ताई, अहो तुमची नोकरी चाललीय!"

"ते झालंच गं. पण फोन करतात ना?"

मी खोटं बोलले. म्हटलं, करतात. कारण खरं सांगायची माझी छाती नव्हती. ताईंच्या खुर्चीत साहेबांनी कुलूपला बसवलं होतं, आणि कुलूप पोस्टरप्रमाणे काम करत होता. अनोळखी पत्ता, घाई, चुका, की डिलीट. न वाचता डिलीट. ओळखीच्या संस्था, मोठ्या कंपन्या, नेहमीच्या जाहिरातवाल्यांकडून आलेल्या तेवढ्या निधनवार्ता छापल्या जात होत्या. निधनवार्तांचं पान पाऊण झालं, मग अर्धं. साहेब खूश. "बघा, शिस्त लावली की कसं सुटसुटीत होतं!" जणू शहरात लोक मरायचेच थांबले होते.

मग एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ काउंटरवर आले. इस्त्रीचा शर्ट, पण गुंड्या वरखाली लावलेल्या. त्यांना ताई हव्या होत्या असं नाही, निधनवार्ता बघणारं कुणीही चालणार होतं. काउंटरवाल्याने त्यांना आमच्याकडे धाडलं. कुलूप उठून उभा राहिला.

"माझी बायको गेली," ते म्हणाले. "नातवाच्या मेलवरून तुम्हाला कळवलं होतं. तीनदा पाठवलं. तुमच्याकडे काही अडचण झाली का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते सांगत होते की बायको पोहायला शिकवायची. नदीकाठच्या तलावावर, सारा जन्म. निम्म्या शहराला तिने पाण्यात उतरवलंय. "ती म्हणायची, माझ्या वेळेला गर्दी आवरणार नाही बघा. मी खुर्च्या भाड्याने आणून ठेवल्या होत्या हो. आम्ही घरचे पाच-सहाजणच होतो. लोकांना कळलंच नाही."

कुलूपने डिलीट केलेल्या मेलचा कप्पा उघडला. तिथे ती होती. तिन्ही वेळची. वर-खाली तशाच कितीतरी. पोहण्याच्या टोपीतली एक हसरी बाई पडद्यावर आली आणि ते गृहस्थ म्हणाले, "हो, हीच." कुलूपला त्यांच्यासाठी खुर्ची ओढायचंही सुचलं नाही, ती मी ओढली.

ते गेल्यावर कुलूप सरळ साहेबांच्या खोलीत शिरला. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ओसरी मी मांडली होती आणि तुम्ही नेलीत. त्या व्हायरसबद्दल मालकांना जो अहवाल द्यायचाय, त्यात मी हे लिहितोय. मी तेव्हा गप्प बसलो, हेही लिहितोय."

"डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या नोकरीचं काय होईल, कळतंय?"

"होऊ दे."

आणि तिथून तो चालत दर्शनी दालनात गेला. पडद्यावर साहेब एका पाहुण्याला पुष्पगुच्छ देत होते. कुलूपने वायर खेचली. साहेब हात पुढे केलेले, तसेच विझले. तो जुना डबा काखेत मारून त्याने ताईंच्या डाव्या हाताची जागा पुसली आणि तिथे ठेवला. मी टाळ्या वाजवणार होते. मग आठवलं, हे त्या चौकशीच्या दिवशी एका वाक्यात झालं असतं, आणि त्या बाईला निरोप द्यायला निम्मं शहर आलं असतं. माझे हात खालीच राहिले. उशिरा सुचलेल्या शहाणपणाला मी काय ओवाळू?

अहवाल मालकांकडे गेला. दोन दिवसांनी साहेबांचा निरोप आला, वहिनींना उद्यापासून यायला सांगा. बस्स. माफी नाही, चूक झाली नाही, काही नाही. मी ताईंना म्हटलं, "जाऊ नका! आधी येऊन माफी मागू दे. इतके दिवस घरी बसवलं, चोरासारखं ओळखपत्र काढून घेतलं." त्या डबा भरत होत्या. म्हणाल्या, "तू जरा गप्प बस, आणि तुझा डबा आण इकडे."

ऑफिसात आल्या, खुर्ची आपल्या उंचीला केली, ओसरी सुरू केली, आणि पहिलं काम कुठलं केलं? कुलूपने डिलीट केलेल्या सगळ्या मेल एकेक करून ओसरीत उघडल्या. आधी फोटो, मग मजकूर. कुणी सुतार होता, कुणी शाळेत घंटा वाजवायची, एक तर तान्हं बाळ होतं. अंत्यविधीच्या तारखा सगळ्या उलटून गेलेल्या. एकीतही व्हायरस नव्हता, हे मुद्दाम सांगते. मग ताईंनी फोन ओढला. दोन्ही हात टाइप करायला मोकळे हवेत म्हणून त्या नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आम्हाला उशीर झाला. चूक आमची आहे. वार्ता आता छापू का?"

कुणी छापा म्हणालं. कुणी शिव्या घातल्या, त्या ताईंनी पूर्ण ऐकून घेतल्या. एक बाई नुसतंच "आता कशाला?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. एक फोन संपला की ताई पुढचा नंबर लावायच्या. मला बघवेना. शिव्या कुणाच्या आणि खातंय कोण!

दुपारी सुप्रभात साहेब आले. हात मागे बांधून, चेहऱ्यावर ते गुलाबाच्या चित्रासारखं हसू.

"काय वहिनी, रुळलात ना पुन्हा? झालं गेलं विसरून जायचं. आपलं एक कुटुंबच आहे."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात ताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची साहेबांकडे वळवली.

"बसा."

"नाही नाही, मी आपला सहज..."

"बसा हो साहेब. पुढचा फोन तुम्ही करा."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण इतक्या वर्षांत तसा आवाज मी घरातही ऐकलेला नाही. साऱ्या टेबलांवरचं टाइपिंग थांबलं. साहेब बसले. ताईंनी समोर फोटो उघडून दिला, तो तान्ह्या बाळाचा, नंबर लावला आणि बाजूला उभ्या राहिल्या. पलीकडे वाजत राहिलं. साहेबांनी टाय सैल केला.

"हॅलो?" एका मुलीचा आवाज आला. थकलेला. "कोण बोलतंय?"

साहेब फोटोकडे बघत होते.

"हॅलो? कोण आहे? बोला ना."

साहेबांनी फोन ठेवून दिला. उठले, कुणाकडेही न बघता आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

ताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तोच नंबर पुन्हा लावला.